ध्रुवांवरील नोंदी आणि कृष्णाकाठ

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

अंटार्क्टिकावरील मोहिमांचा पैसा जत-आटपाडी या दुष्काळी तालुक्यांच्या पाण्यासाठी वळवावा, अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात वाचले. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या पंपांचे वीजबिल कसे भागवायचे, हा प्रश्न खराच आहे. परंतु ध्रुवीय संशोधन म्हणजे श्रीमंत देशांची हौस, हे त्यातील गृहीतक मला पटत नाही.

छाटणीनंतर डाऊनी या बुरशीजन्य रोगावरची फवारणी आज घ्यावी की उद्या, हे आमच्या तासगावचा द्राक्ष बागायतदार मोबाइलवरील अंदाज पाहून ठरवतो. तो अंदाज ज्या संगणकीय प्रारूपातून येतो, त्याला साऱ्या पृथ्वीच्या वातावरणाची आजची स्थिती ठाऊक असावी लागते, आणि नेमकी ध्रुवांकडेच मोजमापे विरळ आहेत. तिथे वस्ती नाही, आणि विषुववृत्तावर स्थिर असलेल्या उपग्रहांना तो भाग नीट दिसत नाही. म्हणूनच जागतिक हवामान संघटनेच्या पुढाकाराने २०१७ ते २०१९ या काळात अनेक देशांनी मिळून ध्रुवीय अंदाजासाठी खास मोहीम राबवली. तिच्यातील ठरावीक कालखंडांत, एरवी दिवसातून दोनदा सोडले जाणारे हवामानाचे फुगे कित्येक ठाण्यांवरून चार वेळा सोडण्यात आले. असे काम एका देशाला, मग तो कितीही धनवान असो, एकट्याने झेपणारे नाही. अर्थात, कृष्णेच्या २०१९ च्या महापुराचे खापर उत्तर ध्रुवावर फोडण्याचा अतिउत्साह मला नाही.

ध्रुवावर आधी कोण पोहोचतो, या चढाओढीपेक्षा सर्वांनी एकाच वेळी, एकाच पद्धतीने नोंदी घ्याव्यात, असा आग्रह ऑस्ट्रियाच्या नौदलातील अधिकारी कार्ल वायप्रेख्ट यांनी धरला आणि त्यातून १८८२-८३ चे पहिले आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष साकारले. पुढे १९५९ च्या अंटार्क्टिका करारात निरीक्षणांची मुक्त देवाणघेवाण कलमातच लिहिली गेली. शीतयुद्ध ऐन भरात असतानाही सोव्हिएत रशियाच्या अंटार्क्टिकावरील व्होस्टॉक ठाण्यावरील बर्फाच्या नमुन्यांवर फ्रेंच शास्त्रज्ञ काम करत होते आणि त्यांच्या वाहतुकीला अमेरिकी विमाने हातभार लावत होती. हे नमुने ज्या विवरातून काढले, ते बर्फात साडेतीन किलोमीटरहून खोल गेले आणि त्याने अखेर सुमारे ४ लाख २० हजार वर्षांच्या हवेचा इतिहास हाती दिला.

ही परंपरा आज उत्तरेकडे खंडित झाली आहे, आणि माझ्या पत्राचे खरे कारण तेच आहे. आर्क्टिकच्या किनारपट्टीचा जवळपास निम्मा भाग रशियाकडे आहे. युक्रेनयुद्धानंतर, २०२२ पासून, दैनंदिन हवामानाच्या नोंदी मिळत असल्या, तरी सायबेरियातील गोठलेल्या जमिनीवर पाश्चात्त्य आणि रशियन शास्त्रज्ञांचे संयुक्त काम बहुतांशी थांबले. ती जमीन वितळली, तर तिच्यात साठलेला प्रचंड कार्बन वातावरणात येईल. तेव्हा तिचे तापमान कोणी मोजायचे, हा वाद कोणालाच परवडणारा नाही.

इथे भारताला करण्यासारखे काही आहे. उत्तर ध्रुवाजवळच्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून आपले ‘हिमाद्री’ केंद्र आहे, २०१३ पासून आपण उत्तर ध्रुवाभोवतालच्या देशांच्या आर्क्टिक परिषदेचे निरीक्षक आहोत, आणि मॉस्को व पाश्चात्त्य राजधान्या या दोहोंशी आपले बोलणे सुरू असते. पुढील ध्रुवीय वर्ष २०३२-३३ मध्ये योजले जात आहे. त्याच्या तयारीत रशियन बाजूच्या नोंदींचा प्रश्न भारताने पुढाकाराने मांडावा आणि आपल्या खासदारांनी तो संसदेत विचारावा.

आपणासही एक विनंती आहे. आपल्या ध्रुवीय मोहिमा ज्या राष्ट्रीय संस्थेकडून चालतात, ती गोव्यात वास्कोला आहे आणि मिरजेहून तिथे थेट रेल्वे जाते. तेथील शास्त्रज्ञांकडून मराठीत लेखमाला लिहून घ्यावी. तिची कात्रणे मी स्वतः आमच्या शाळेच्या फलकावर लावीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, मिरज (जि. सांगली)