रिकाम्या खुर्च्या आणि ज्युली

कावागुची, साइतामा
रविवार

प्रिय बंड्या,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू अंगठा टाकून मोकळा झाला असतास, आणि फोनवर आपली दुसऱ्या मिनिटाला जुंपते. म्हणून कागद. प्रकृती बरी आहे. साखर गोळ्यांच्या धाकात, गुडघा थंडीत कुरकुरतो. पुढे.

वहिनींचा फोन आला होता. अण्णांनी पेटी चादरीत बांधून माळ्यावर टाकलीय, सकाळचा रियाज बंद, शिकायला येणाऱ्या पोरींनाही परत पाठवलं. "भावजी, तुम्ही बोला, तुमचं ऐकतील," म्हणाल्या. अण्णांनी जन्मात फक्त तानपुऱ्याचं ऐकलंय, माझं कधीपासून ऐकायला लागले? पण हो म्हणून बसलो, आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही.

तुझं म्हणणं माझ्यापर्यंत आलंय, तेही तिखटमीठ लावून. तिसरी घंटा व्हायची वेळ, अण्णा पडद्याच्या फटीतून हॉल बघतात, निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या, "मी गात नाही" म्हणतात आणि मागच्या दाराने रिक्षात. तू काँगो लावून बसलेला. लोकांना पैसे परत, तुमच्या नाईटच्या पैशांचा पत्ता नाही, कॉन्ट्रॅक्टर फोन उचलत नाही. तू "माज" म्हणालास. तो शब्द अण्णांच्या कानावर गेलाय, हे तुला माहीत असू दे. पोचवणारा कोण ते सांगायला नको. त्याच्या पोटात पूर्वीही काही राहायचं नाही.

मला हे सगळं ऐकताना सारखा इथला एक म्हातारा आठवत होता, आणि तो तुझ्याशिवाय सांगणार कुणाला? इथल्या माझ्या मित्रांना तिसरी घंटा म्हणजे काय हे समजावण्यातच दिवस जाईल.

मागे एक फोटो पाठवला होता बघ, डोळ्यांत काजळ, अंगात झगमग कोट, आणि तू विचारलंस, "ही बाई कोण?" बाई नव्हे रे. सावादा केंजी. ज्युली अँड्र्यूज आवडायची म्हणून टोपणनाव ज्युली, आणि अख्खा जपान अजून त्याला त्याच नावाने हाक मारतो. जन्म १९४८ चा, वाढला क्योतोत. १९६६ मध्ये बीटल्स तोक्योच्या बुदोकान सभागृहात वाजवून गेले आणि या देशातलं प्रत्येक पोरगं गिटार घेऊन उभं राहिलं. ज्युलीच्या टोळक्याची पहिली रेकॉर्ड १९६७ ची, नाव 'द टायगर्स'. पोरी नुसत्या किंचाळायच्या. १९७१ च्या जानेवारीत त्याच बुदोकानात शेवटचा कार्यक्रम करून बँड मोडलं.

बाकीच्यांचं पुढे काय झालं ते ऐक, कारण यात आपला सुहास आहे. बेस वाजवणारा किशिबे इत्तोकु नट झाला, आणि असा नट झाला की आजच्या पोरांना तो कधी बँडमध्ये होता हेच ठाऊक नसतं. ड्रमवाल्या हितोमी मिनोरुने मात्र सगळं सोडलं. अभ्यास केला, केइओ विद्यापीठात शिकला आणि शाळेत चिनी भाषेचा मास्तर झाला. जुन्या मित्रांशी कित्येक दशकं संबंध नाही. ज्युलीने २००८ मध्ये त्याला उद्देशून गाणं केलं तेव्हा कुठे बर्फ वितळायला लागलं, आणि २०१३ च्या डिसेंबरात सगळे पुन्हा एका स्टेजवर आले. सुहास बँकेत लागला तेव्हा त्याला ऑर्केस्ट्राचा गद्दार कोण म्हणालं होतं, आठवतं? मी नव्हतो. तू होतास, आणि अण्णा तुझ्यावर ओरडले होते.

तर ज्युली एकटा गायला लागला. १९७३ मध्ये पहिल्यांदा एक नंबरवर. १९७५ मध्ये टीव्हीच्या मालिकेत त्याने तीस कोटी येनच्या त्या प्रसिद्ध दरोड्यातला आरोपी रंगवला, आणि तिचं गाणं मालिकेपेक्षा जास्त चाललं. १९७७ मध्ये गाता गाता डोक्यावरची हॅट भिरकावून द्यायचा, त्या गाण्याला वर्षाचं सर्वात मोठं रेकॉर्ड पारितोषिक मिळालं आणि देशभरातल्या पोरांनी बापाच्या टोप्या फेकल्या. १९८० साल उजाडलं ते पाठीला पॅराशूट आणि कपड्यांवर लुकलुकणारे दिवे लावून. अण्णांनी एकदा कोल्हापुरात चंदेरी जाकीट घातलं होतं तर आपण महिनाभर हसत होतो!

पण मला तो खरा सापडला १९७९ च्या सिनेमात. 'सूर्य चोरणारा माणूस' असं नाव. ज्युली शाळेतला विज्ञानाचा मास्तर झालाय, च्युइंगगम चघळत वर्गात येणारा, कशातच जीव नसलेला. हा मास्तर राहत्या खोलीत अणुबॉम्ब बनवतो. मांजराशी बोलत, रेडिओ ऐकत, एखादा रविवारी मटण शिजवतो तसा निवांत. बॉम्ब तयार झाल्यावर सरकारकडे पहिली मागणी काय? टीव्हीवर बेसबॉलची मॅच मध्येच तोडतात ती शेवटपर्यंत दाखवा. दुसरी, रोलिंग स्टोन्सना जपानात आणा. तिसरी, पन्नास कोटी येन. दिग्दर्शक हासेगावा काझुहिको आईच्या पोटात असताना हिरोशिमाच्या किरणोत्सर्गात सापडलेला माणूस, त्याने असला सिनेमा करावा! त्या वेळी पडला, धंदा झाला नाही. आज अभिजात म्हणून दाखवतात. देशातला सर्वात देखणा गायक पडद्यावर केस गळालेला, हिरड्यांतून रक्त येणारा दिसतो, आणि त्याला त्याची फिकीर नाही. तेव्हाच मला कळलं की या माणसाला चाहत्यांना खूश ठेवायची हौस नाही.

१९८५ मध्ये मोठी एजन्सी सोडली आणि हळूहळू टीव्हीवरून गेला. पोट सुटलं, केस पांढरे झाले, पण गाणं थांबवलं नाही. दरवर्षी नवी गाणी, दरवर्षी दौरा, गावोगावची नाट्यगृहं. जुनी हिट गाणी मागितली तरी गाईलच असं नाही. २०११ च्या त्सुनामीनंतर तर कित्येक वर्षं ११ मार्चलाच नवी रेकॉर्ड काढायचा, भूकंपावर आणि अणुभट्ट्यांवर गाणी. साठी झाली तेव्हा ओसाका आणि तोक्योच्या डोममध्ये ८० गाणी गायला, सहा तासांहून जास्त. आमच्या अकाउंट्समधल्या बाई होत्या तिथे. टायगर्सच्या वेळेपासूनच्या भक्त. घरी जायला शेवटची गाडी मिळाली एवढंच नशीब, म्हणतात.

आता २०१८. सत्तरीचा दौरा, स्टेजवर तो आणि शिबायामा नावाचा एक गिटारवाला, बस्स. ना ड्रम, ना कीबोर्ड. १७ ऑक्टोबरला साइतामा सुपर अरेनात कार्यक्रम, माझ्या स्टेशनपासून थेट लोकल आहे. पूर्ण मांडणीत तिथे ३७,००० माणूस बसतं, ज्युलीचा त्यातला तुकडाच होता. त्याला सांगितलेलं ९,००० तिकिटं गेलीत. प्रत्यक्षात ७,०००. तो आत आला, काळ्या कापडाने झाकलेले खुर्च्यांचे पट्टे बघितले आणि म्हणाला, होणार नाही. लोक दारात उभे होते. आमच्या बाई रांगेत होत्या.

देशभर शिव्या बसल्या. सात हजार कमी वाटतात का, विमानाने आलेल्यांनी काय करायचं, म्हाताऱ्याला माज. तुझाच शब्द, बंड्या, फक्त जपानीत. मीही कॅन्टीनमध्ये बाईंची थट्टा केली. त्या म्हणाल्या, "ज्युली आहे तो, चालायचंच." मला तो आंधळा भक्तपणा वाटला, आणि अजूनही थोडा वाटतो. गाडीभाडं गेलेल्या माणसाला गायकाच्या स्वाभिमानाशी काय करायचंय?

पण दुसऱ्या दिवशी काय झालं ते बघ. घराजवळ पत्रकार जमले तर हा एकटा बाहेर आला. दाढी पांढरी, डोक्यावर टोपी, शेजारी वकील नाही, मॅनेजर नाही. सरळ सांगितलं: मी आधीच अट घातली होती की हॉल भरणार नसेल तर करणार नाही, निर्णय माझा, जबाबदारी माझी, माफ करा. मान लववली, प्रश्न संपेपर्यंत उभा राहिला. चार दिवसांत पुढच्या गावी पुन्हा गाणं.

मला अण्णांबद्दल जे खुपतंय ते इथे आहे. ते गायले नाहीत याचं मला तुझ्याइतकं वाईट वाटत नाही. कॉन्ट्रॅक्टरने त्यांनाही "प्लॅन भरलाय" म्हणूनच सांगितलं होतं ना? मग राग कुणावर हवा? इचलकरंजीला पावसात मंडप गळत असताना मूठभर लोकांपुढे अण्णा पहाटेपर्यंत गायलेत, तू आणि मी ताडपत्री धरून होतो. ते वर्ष तू नेहमी माझ्या तोंडावर मारतोस: "तेव्हा गायले, आता का नाही?" अरे, तेव्हा त्यांना कुणी फसवलं नव्हतं. पण मागच्या दाराने जाणं? वाजवणाऱ्यांना एक शब्द न बोलता? लोकांसमोर येऊन दोन वाक्यं बोलले असते तर तू हा शब्द वापरला नसतास, आणि ते आज माळ्याकडे बघत बसले नसते.

वहिनी म्हणतात, "लोक अजून मानतात म्हणून सांगा." मी ते सांगणार नाही. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला आपण किती मानले जातो हे रिकाम्या खुर्च्यांनी नीट कळलेलं असतं. ज्युलीला तरी कुणी गोंजारून परत आणलं नाही. मित्र शिमुरा केन २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाने गेला आणि यामादा योजींच्या सिनेमातली त्याची भूमिका ज्युलीला करावी लागली. जुगारी, दारुड्या म्हातारा. मेलेल्या मित्राच्या जागी उभं राहायचं, सोपं नाही ते. पुढे २०२२ मध्ये नागानोच्या डोंगरात भाज्या पिकवून शिजवणाऱ्या लेखकाचं काम केलं, त्यावर अभिनयाची मोठी बक्षिसं मिळाली. दौरे चालूच होते.

आणि २५ जून २०२३, पंचाहत्तरावा वाढदिवस, त्याच साइतामा अरेनात. बाईंच्या बहिणीला जमलं नाही म्हणून तिच्या तिकिटावर मी. सगळं फुल, एकोणीस हजारांच्या आसपास. किशिबे, ड्रमवाला मास्तर, गिटारवाला मोरीमोतो, टायगर्समधले हे म्हातारे स्टेजवर. ड्रमवर मास्तरांचा हात जड पडत होता, तुला खटकलं असतं, मलाही खटकलं. लय एकदोनदा सांडली. पण ज्युलीचा आवाज, बंड्या! वरचा सूर तो गाठतो म्हणण्यापेक्षा तिथे राहायलाच असतो. बाई रडत होत्या की ओरडत होत्या, अंधारात कळेना.

लगेच म्हणशील, त्याची कुठं बरोबरी करतोस, त्याच्याकडे सात हजार होते आणि आमच्याकडे दीडशे. मान्य. म्हणूनच अण्णांना "परत या" म्हणण्याआधी एवढंच म्हणणार आहे की आधी वाजवणाऱ्या पोरांना घरी बोलवा, चहा करा, आणि त्या रात्री काय झालं ते स्वतःच्या तोंडाने सांगा. नाईटचे पैसे कॉन्ट्रॅक्टर देईल तेव्हा देईल. हे ते ऐकतील असं मला वाटत नाही. फोन आपटतील. पण दुसरं काही बोलण्यासारखं माझ्याकडे नाही. तुझ्याकडे असेल तर कळव, फक्त शिव्या सोडून.

शर्वरीचं ठरलं हे सुहासकडून कळलं, तुझ्याकडून नाही! अभिनंदन. मुलगा काय करतो? दुकानाच्या जागेचा निकाल लागला का? आईंना नमस्कार.

शनिवारी तिकडे सकाळचे अकरा वाजले की अण्णांना लावतो. चहाला बोलावलं तर जाशील की नाही, ते शुक्रवारपर्यंत सांग. आणि जाणार असशील तर "माज" घरी ठेवून जा.

तुझा,
दिग्या

ता.क. काँगोचं कातडं मिरजेहून बदलून घे. मागच्या व्हिडिओत डावा बोदा वाजत होता.