बाबलशी पाळी तोडत नाही

मालवण, मेचा तिसरा आठवडा

प्रिय सुन्या,

तुझं पत्र पोचलं. "महिना संपत आला, बाबल आता हात वर करणार, त्याच्या आधी तू मोकळा हो" हे वाचून चार रात्री नीट झोप नाही लागली मला.

तुझा हिशोब चुकलेला नाहीये. बाबलशी भागीत होडी, एक दिवस डिझेल-बर्फ माझा, एक दिवस त्याचा, मासळी निम्मी-निम्मी, आणि १ जूनपासून मासेमारीला बंदी. शेवटची पाळी त्याची, पुढे दोन महिने समुद्रच बंद मग तो कशाला पैसे घालेल, तो नाही घालणार तर आदल्या दिवशी मी का घालू, असं एकेक पाळी मागे येत येत आजच तोडायचं ठरतं. ह्यालाच गेम थिअरीत, म्हणजे डावपेचांच्या गणितात, बॅकवर्ड इंडक्शन म्हणतात.

पण हे बघ. १९९२ ला मॅकेल्वी आणि पॅल्फ्री या दोन संशोधकांनी माणसांना खऱ्या पैशांवर असाच खेळ खेळायला लावला. दोन ढीग, बहुतेक खेळांत ४० सेंट आणि १० सेंट. ज्याची पाळी त्याने मोठा उचलायचा आणि खेळ संपवायचा, नाहीतर पुढे सरकवायचं, सरकवलं की दोन्ही ढीग दुप्पट आणि पाळी समोरच्याची. हिशोबाने पहिल्यानेच मोठा ढीग उचलायला हवा. ६६२ खेळांत तसं फक्त ३७ वेळा झालं रे! ही माणसं येडी नव्हती. तो सगळा हिशोब उभा आहे कशावर, तर मी पक्का हिशोबी, तूही पक्का, आणि हे दोघांनाही शंभर टक्के माहितीय यावर. समोरच्याने एकदा जरी सरकवलं की तिथेच शंका येते, हा वेगळा दिसतो, अजून थोडं थांबू.

आणि बाबलने सरकवलंय. मंगळवारी पाळी माझी होती, माझ्याकडे डिझेल नव्हतं. पहाटे पाचला हा कॅन घेऊन हजर, झाकण गळतं म्हणून त्याखाली प्लॅस्टिक लावून सुतळीने आवळलेलं. काही न बोलता होडीत ठेवला.

तुझी भीती खोटी नाही. त्या खेळातही ढीग वाढला तसं उचलणं वाढत गेलं, अगदी शेवटपर्यंत दोघांनी सरकवलं असे खेळ २३च. आणि गेल्या वर्षीचा माझा पार्टनर शेवटच्या आठवड्यातच गायब झाला होता, ते मी विसरलेलो नाही. म्हणून मला वाटलं, शेवटची पाळी शेवटची राहूच नये. काल बाबलला सरळ विचारलं, नारळी पौर्णिमेनंतरही असंच चालवूया का? म्हणाला, "आधी होड्या तरी शाकारू."

बंदी लागली की पहिल्याच रविवारी झावळ्या तोडायला जातोय दोघं. जमलं तर ये, एक कोयता जास्त लागेल.

तुझा,
दिग्या