‘धडा’ आणि ‘घडा’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहिलीतले मूल ‘धडा’ला ‘घडा’ किंवा ‘भाऊ’ला ‘माऊ’ वाचू लागले की घरात दोनच निदाने होतात : एक तर त्याचे लक्ष नाही, नाहीतर त्याला डिस्लेक्सिया (वाचन शिकण्यातली मुळातली अडचण) आहे. बरीच वर्षे पहिली-दुसरीला शिकवल्यानंतर मला ही दोन्ही निदाने बहुतेक वेळा घाईची वाटतात.

अक्षरओळख सुरू होण्यापूर्वीच्या चार-पाच वर्षांत मुलाच्या नजरेने एक गोष्ट पक्की केलेली असते, ती म्हणजे वस्तू कोणत्याही बाजूने दिसली तरी ती तीच असते. कपाचा कान उजवीकडे असो की डावीकडे, कप तो कपच. मग एके दिवशी आपण त्याला सांगतो की ३ चे तोंड फिरवले की ६ होतो आणि १ चे फिरवले की ९. इंग्रजीच्या तासाला तर छोट्या ‘बी’चे पोट पलीकडे गेले की ‘डी’! इतकी वर्षे उपयोगी पडलेली सवय केवळ अक्षर-अंकांपुरती मोडायची, तर वेळ लागणारच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलिनॉर गिब्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये चार ते आठ वर्षांच्या मुलांना अक्षरांसारख्या आकृत्या जुळवायला दिल्या, तेव्हा चौथ्या वर्षी उलट्या-सुलट्या आकृत्यांत भरपूर चुका होत्या आणि आठव्या वर्षापर्यंत त्या जवळजवळ नाहीशा झाल्या.

देवनागरीत मात्र आरशातल्यासारख्या जोड्या थोड्या आणि एका रेघेचा फरक असणाऱ्या जोड्या फार : ब-व, ष-प, घ-ध, भ-म. ‘ध’ आणि ‘भ’ यांची शिरोरेघ तुटलेली असते. मूल मात्र आधी सगळा शब्द लिहिते आणि मग एका दमात त्याच्या डोक्यावरून रेघ ओढते, त्या झपाट्यात ‘धडा’चा ‘घडा’ होऊन जातो. शिवाय ‘घ’ आणि ‘ध’ दोन्ही महाप्राण (‘ह’ मिसळल्यासारखे उच्चारायचे), ‘भ’ आणि ‘म’ दोन्ही ओठांतून येणारे, त्यामुळे जिथे डोळा चुकतो तिथे कानही फारसा आधार देत नाही. ऱ्हस्व वेलांटीची तऱ्हा तर आणखी निराळी, ती उच्चारायची अक्षरानंतर आणि लिहायची आधी. (मोठ्यांनाही हे प्रथमच सांगितले तर विचित्रच वाटेल.)

डिस्लेक्सियाची भीती उलट्या अक्षरांशी जोडली गेली, त्यात सॅम्युएल ऑर्टन या अमेरिकन डॉक्टरांनी १९२५ मध्ये मांडलेल्या, मेंदूच्या दोन अर्धांतल्या प्रतिमांच्या गोंधळामुळे मुले अक्षरे उलटी वाचतात या कल्पनेचा मोठा वाटा आहे. पुढील संशोधनात मुख्य अडचण ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालण्यात असल्याचे दिसून आले. सातव्या-आठव्या वर्षानंतरही गोंधळ कायम असेल, किंवा शब्दातले आवाज सुटे करणेच मुलाला जमत नसेल, तर तज्ज्ञांकडे जरूर जावे.

माझी तक्रार आहे ती तक्त्यांबद्दल. ‘फरक ओळखा’ म्हणून ‘घ’ आणि ‘ध’ पहिल्याच दिवशी शेजारी-शेजारी छापले, तर मुलाच्या मनात ती जोडी म्हणूनच बसते. एक अक्षर वाचून-लिहून अंगवळणी पडल्यावर काही आठवड्यांनी दुसरे आणावे. माझ्या वर्गात एक मुलगी ‘भ’ हमखास चुकायची. पाटीवर बोटाने गिरवताना, रेघ तुटते तिथे तिला दर वेळी बोट उचलायला लावले. पुढे वाचतानाही ‘भ’ आला की तिचे बोट पुस्तकावरून किंचित वर उचलले जाई.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका