दगडावरचा बुळबुळीत थर खरवडायला माणसे हवीत

नमस्कार,

नदीत उतरल्यावर ज्या थरावरून पाय घसरतो, त्या थरासाठी आम्ही मदत मागतो आहोत. ऐकून हसू येईल, आम्हालाही आधी आले होते. शेवाळ दिसले की नदी घाण, एवढेच तेव्हा आम्हाला ठाऊक होते.

आपल्या नदीवरच्या धरणाच्या वर, जिथे पाणी अजून आपल्या मर्जीने चढते-उतरते, तिथला एक गोटा उचलून पाहा. त्यावर तपकिरी, पातळ साय असते, नखाने सहज निघते. त्यात बहुतेक डायटम असतात, म्हणजे सिलिकाच्या काचेसारख्या डबीत राहणारे एकपेशीय शैवाल. गोगलगायी आणि मेफ्लाय या उडत्या किड्याची पाण्यात राहणारी पिल्ले त्यांच्यावर चरतात, मासे त्या पिल्लांवर. आता धरणाच्या खालचा गोटा घ्या. त्यावर हिरव्या तंतूंच्या लांब जटा, पिळल्या की पाणी गळते आणि हातात गोळा उरतो.

फरक पडतो तो पुराने. पूर आला की गोटे गडगडतात, वाळू त्यांना घासते, जुने शेवाळ निघून जाते आणि काही दिवसांत नवी साय धरू लागते. धरण पूर अडवते आणि गाळही मागेच बसतो. खाली येते ते नितळ पाणी. ऊन तळापर्यंत पोचते, घासायला वाळू नसते, मग तंतूंचे फावते. पाणी जलाशयाच्या खोल भागातून सोडले तर ते भर उन्हाळ्यातही गार असते, आणि पाण्याच्या उबेवर ज्यांचे वाढणे ठरते त्या किड्यांचे वेळापत्रकच बिघडते.

भिंतीच्या मागची गोष्ट वेगळी. तिथे पाणी थांबते, वरचा थर तापतो. निळ्या-हिरव्या शैवालाच्या पेशींत वायूच्या पोकळ्या असतात, त्यांच्या जोरावर ते उजेडाकडे तरंगत येते. त्यातले काही प्रकार विषारी असतात. मोठ्या जलाशयातच नव्हे, वाहणे मंदावले की नदीच्या पात्रातही हे होऊ शकते: १९९१ साली ऑस्ट्रेलियातल्या डार्लिंग नदीवर, प्रवाह अगदी क्षीण झालेला असताना, सुमारे १००० किलोमीटरपर्यंत अशी साय पसरली होती.

धरण पाडा, असे आम्ही म्हणत नाही. पाणी किती सोडता याइतकेच कधी सोडता हेही बघा, एवढेच म्हणणे आहे. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅनियन धरणातून विजेच्या मागणीप्रमाणे विसर्ग रोज वर-खाली होतो. काही किडे काठाच्या दगडांवर पाण्यालगत अंडी घालतात, पाणी उतरले की ती सुकतात. म्हणून २०१८ च्या उन्हाळ्यात तिथे शनिवार-रविवारी विसर्ग कमी आणि स्थिर ठेवून पाहिला. आपल्या धरणाकडे असे काही मागायचे तर पहिला प्रश्न येणार, नोंदी कुठे आहेत? आमच्याकडे त्या तुटक आहेत.

बाटलीभर पाणी तपासले तर त्या क्षणाचे कळते. गोट्यावरचा थर मागच्या काही आठवड्यांचे सांगतो, पण त्यासाठी दर पंधरवड्याला त्याच जागी, त्याच खोलीवर जावे लागते. धरणाच्या वर दोन जागा, खाली तीन. पाच सेंटिमीटरचा चौकोन आखायचा, टूथब्रशने खरवडायचे, बाटलीत धुऊन घ्यायचे, खूण करायची. तासाभराचे काम. वर्षभर टिकतील अशी माणसे मात्र मिळत नाहीत, पहिल्या दिवशी पंचवीस जण येतात आणि चौथ्या खेपेला तिघे उरतात.

म्हणून पहिली मागणी माणसांची. जमेल तेवढेच कबूल करा, पण कबूल केलेला पंधरवडा चुकवू नका. कुणाकडे वापरात नसलेला, चारशे पट मोठे दाखवणारा सूक्ष्मदर्शक पडून असेल तर आम्हाला द्या. डायटमच्या डब्या साफ करून काचपट्टीवर पक्क्या बसवता येतात, वर्षांनंतरही पुन्हा मोजता येतात. पण तो कसबी हात आमच्यात नाही. शिकवणारे कुणी असेल तर त्यांच्या वेळेनुसार आम्ही येऊ. पैशांची मदतही चालेल. ती बाटल्या, जाळ्या आणि नमुने टिकवायच्या रसायनावरच खर्च होईल, आणि हिशेब आमच्या मंडळाच्या फलकावर लागेल.

काठावर वाढलेल्या वडीलधाऱ्यांनाही विनंती. धरणाआधी तळ कुठे दिसायचा, कोणत्या डोहात कोणते मासे असायचे, हे सांगा. आम्ही लिहून घेऊ.

येताना घसरणार नाहीत अशी पादत्राणे घाला आणि पेन्सिल आणा, पेन नको. मागच्या खेपेला पेनने लिहिलेल्या चिठ्ठ्या भिजून अठरा बाटल्या बिननावाच्या झाल्या.