बीटात शिरायची वाट छापता, बाहेर पडायचीही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी मे-जूनच्या सुमारास वर्तमानपत्रांच्या तंत्रज्ञानाच्या पानावर एक मजकूर हमखास येतो : अँड्रॉइडची किंवा आयओएसची नवी आवृत्ती अंतिम होण्याआधीच, म्हणजे बीटा (चाचणीच्या) रूपात, सगळ्यांच्या आधी आपल्या फोनवर कशी घ्यावी. त्यातल्या पायऱ्या बरोबर असतात. गूगलचा पिक्सेल फोन असेल तर गूगलच्या अँड्रॉइड बीटाच्या पानावर फोनची नोंद करायची, थोड्या वेळात अपडेट येते. आयफोन असेल तर सेटिंग्ज, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट, बीटा अपडेट्स. २०२३ पासून ॲपलची डेव्हलपर (ॲप बनवणाऱ्यांसाठीची) बीटाही पैसे न भरता मिळू लागली. एकूण पाच मिनिटांचे काम, आणि मजकूरही तिथेच संपतो. बाहेर पडायचे कसे हे त्यात नसते आणि लोक अडकतात ते नेमके तिथे. मोबाइल सॉफ्टवेअर तपासण्याचे काम रोज करणारे आम्ही काही वाचक त्यासाठीच हे पत्र लिहीत आहोत.

बीटा घेताना फोनमधले काहीच पुसले जात नाही. फोटो, चॅट, बँकेची ॲप्स सगळे जागच्या जागी राहते. त्यामुळे नाही आवडले तर परत जाऊ, असे कोणालाही वाटणारच. पण परत जाताना सगळे पुसावे लागते. कंपनीचा हट्ट म्हणून नव्हे, त्याला कारण आहे. फोनमधला मजकूर कुलूपबंद असतो आणि त्याच्या किल्ल्या एका सुरक्षित भागात ठेवलेल्या असतात. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक किल्लीवर सिस्टीमची आवृत्ती आणि सुरक्षा पॅचची (सुरक्षेच्या दुरुस्तीची) पातळी नोंदलेली असते. नव्या सिस्टीमने किल्ली एकदा आपल्या आवृत्तीला बांधून घेतली की जुन्या सिस्टीमला ती चालत नाही. चोराने फोन मुद्दाम जुन्या, भोके माहीत असलेल्या आवृत्तीवर नेऊन आतला माल काढू नये म्हणून केलेली ही सोय आहे. प्रामाणिक मालक मागे फिरला तरी तोच नियम लागतो.

कधी कधी तर सगळे पुसूनही मागे जाता येत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ आले तेव्हा पिक्सेल ६, ६ प्रो आणि ६ए या फोनांच्या बूटलोडरमध्ये (फोन सुरू होताना सिस्टीम उघडणाऱ्या प्रोग्राममध्ये) मागे जाण्याला अटकाव करणारा क्रमांक वाढवला होता. १३ वर गेलेला फोन अँड्रॉइड १२ वर पुन्हा आणता येईना. ॲपल वॉचची बीटाही वापरणाऱ्याला स्वतः काढता येत नाही. आयफोनसाठी बीटा घेतली की हौसेने घड्याळालाही तीच देणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे.

पिक्सेलवर सर्वांत जास्त माणसे जिथे फसतात तो क्षण जवळून पाहण्यासारखा आहे. कंटाळलेला माणूस बीटाच्या पानावर जाऊन नाव काढून घेतो. दिवसभरात फोनवर सिस्टीम अपडेटची सूचना येते, दिसायला नेहमीसारखीच. उघडून वाचले तर ते डाऊनग्रेड, म्हणजे मागच्या आवृत्तीवर नेणारे, असल्याचे आणि सगळा डेटा पुसला जाईल असे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. पण अपडेटची सूचना वाचतो कोण? बोट सवयीने डाऊनलोडवर जाते आणि फोन रिकामा होतो.

डेटा राखून बाहेर पडायची वाट आहे, फक्त धीर हवा. नाव काढून घ्यावे, आलेल्या डाऊनग्रेडला हात लावू नये आणि त्या आवृत्तीचे अंतिम, स्टेबल अपडेट येईपर्यंत थांबावे. ते बसले की फोन काहीही न पुसता बाहेर येतो. या काळात सेटिंग्जच्या डेव्हलपर ऑप्शन्स या विभागातले ‘ऑटोमॅटिक सिस्टीम अपडेट्स’ बंद ठेवावे, म्हणजे रीस्टार्टच्या निमित्ताने काही परस्पर बसणार नाही. दुसरी मेख अशी की गूगल मुख्य आवृत्तीनंतर दर तिमाहीच्या अपडेटचीही बीटा काढते. नाव नोंदलेलेच राहिले तर स्टेबलच्या पाठोपाठ पुढच्या तिमाहीची बीटा येते आणि ती बसली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. अँड्रॉइड १६ चे स्टेबल १० जून २०२५ ला आले. त्याच्या पुढच्या तिमाही अपडेटची बीटा तर त्याआधी मे महिन्यातच सुरू झाली होती. बाहेर पडायची खिडकी इतकी अरुंद असते. सॅमसंगची बीटा सॅमसंग मेंबर्स ॲपमधून मिळते. तिथेही मध्येच मागे जायचे तर संगणकाला फोन जोडून सगळे पुसावे लागते.

आयफोनवर तत्त्व हेच, तपशील वेगळा. बीटा अपडेट्स ‘ऑफ’ करून ठेवले तर बीटाच्या पुढची सार्वजनिक आवृत्ती आली की ती बसते आणि काही पुसले जात नाही. थांबायचे नसेल तर फोन संगणकाला जोडून आवाज वाढवायचे बटण दाबून सोडावे, आवाज कमी करायचे दाबून सोडावे, मग बाजूचे बटण रिकव्हरीची खूण दिसेपर्यंत धरून ठेवावे आणि रिस्टोअर करावे. फोन कोरा होतो. खरा धक्का यानंतर बसतो : बीटावर असताना घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर चढत नाही. आयक्लाउडचा रोजचा बॅकअप तोवर बीटाचाच झालेला असतो. म्हणून बीटा घेण्याच्या आदल्या दिवशी संगणकावर पूर्ण बॅकअप घ्यावा आणि ‘एन्क्रिप्ट’ची खूण करावी, कारण त्याशिवाय पासवर्ड आणि हेल्थमधली माहिती बॅकअपमध्ये येतच नाही. मॅकवर तो बॅकअप यादीत उजवी क्लिक करून अर्काइव्ह करावा. विंडोजवर त्याचे फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवावे. नाहीतर पुढचा बॅकअप त्यावरच लिहिला जातो.

संपादक महोदय, आपल्याला विनंती एवढीच आहे : बीटाची बातमी येईल तिथेच हा परतीचा मजकूरही यावा. फोन कोरा होणे ही दहा वर्षांपूर्वी फोटो जाण्याची गोष्ट होती. आज त्या फोनवर घराचा व्यवहार चालतो. पुसलेल्या फोनवर प्रत्येक यूपीआय ॲपची नोंदणी नव्याने करावी लागते आणि त्यासाठी बँकेत नोंदलेल्या सिमवरूनच एसएमएस जावा लागतो. सहा आकडी कोड देणारे ऑथेंटिकेटर ॲप असेल आणि त्यातली खाती आधी दुसऱ्या फोनवर नेलेली नसतील किंवा सिंक केलेली नसतील, तर ती खाती उघडायला प्रत्येक कंपनीच्या दारात जावे लागते. ई-सिम असेल तर फोन पुसताना ‘ई-सिमही पुसायचे का’ असा प्रश्न येतो. तिथे चुकून हो म्हटले तर नवे ई-सिम घ्यावे लागते, आणि सिम बदलल्यावर फसवणूक टाळण्यासाठी २४ तास एसएमएस बंद ठेवण्याचा नियम आपल्याकडे आहे. म्हणजे एक पूर्ण दिवस ओटीपी नाही आणि यूपीआयची नोंदणीही नाही.

पुसणे टळले तरी बीटावर रोजचे जगणे सोपे नसते. कॉलचेच पाहा. नव्या सिस्टीमबरोबर मोडेमचे (नेटवर्कशी बोलणाऱ्या भागाचे) सॉफ्टवेअरही बदलते आणि व्होल्टीची, म्हणजे फोरजीवरून कॉल लावण्याची, नोंदणी कधी कधी गळते. एअरटेल किंवा व्हीआयचा फोन अशा वेळी टूजीवर उतरून कॉल लावतो. जिओकडे टूजी-थ्रीजी नाही, त्यामुळे इंटरनेट झकास चालू, व्हॉट्सॲप येते-जाते, पण साधा कॉल ना लागतो ना येतो. इंटरनेट चालू असल्याने हे तासन् तास लक्षात येत नाही. पिक्सेलवर डायलरमध्ये *#*#४६३६#*#* टाकून फोनची माहिती उघडावी आणि मेनूतून आयएमएसची (फोरजी कॉल चालवणाऱ्या सेवेची) स्थिती पाहावी. तिथे ‘रजिस्टर्ड’ आणि व्हॉइस ओव्हर एलटीईपुढे ‘अव्हेलेबल’ दिसले पाहिजे. प्रत्येक बीटा बसल्यावर पहिली तपासणी हीच करावी. मग एक कॉल बाहेर, एक कॉल आत, ओटीपीचा एसएमएस, सकाळचा गजर, ब्लूटूथ.

बॅटरीवर मात्र पहिल्या दोन दिवसांत निकाल देऊ नये. अपडेटनंतर अँड्रॉइड ॲप्सची नव्याने जुळणी करतो, आयफोन फोटोंची आणि शोधाची सूची नव्याने बांधतो. फोन तापतो तो त्यामुळे. तिसऱ्या दिवसानंतरही तापत असेल तर तक्रार खरी.

बँकेच्या ॲप्सबद्दल एक तारीख सांगावीशी वाटते. अँड्रॉइडच्या प्रत्येक आवृत्तीत ‘प्लॅटफॉर्म स्टॅबिलिटी’ नावाचा टप्पा असतो. तिथून पुढे ॲप्सना लागणाऱ्या गोष्टी बदलत नाहीत. अँड्रॉइड १६ साठी तो मार्च २०२५ मधल्या बीटा ३ ला आला. बरेच ॲपवाले आपली शेवटची तपासणी त्यानंतरच हाती घेतात, आणि ते बरोबरच आहे. रोज हलणाऱ्या जमिनीवर कोण भिंत बांधेल? त्यामुळे बीटा १ वर बँकेचे ॲप उघडले नाही तर बँकेच्या हेल्पलाइनवरच्या मुलीशी भांडून उपयोग नाही. बीटाच्याही आधीच्या कॅनरीसारख्या आवृत्त्या, तसेच बूटलोडर उघडून हाताने बसवलेल्या सिस्टीम यांवर तर पेमेंटची ॲप्स फोन प्रमाणित नाही म्हणून अनेकदा मुद्दामच बंद राहतात.

‘स्टेबलमध्येही बग असतातच की’ असे यावर कोणी म्हणेल. असतात. अँड्रॉइड १४ च्या अंतिम आवृत्तीत, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, एकाहून अधिक यूजर प्रोफाइल असलेल्या काही पिक्सेल फोनांना स्वतःचीच स्टोरेज उघडता येईना. पण स्टेबलमधला असा बग ही कंपनीची जबाबदारी असते. बीटा घेताना ती जोखीम आपण ‘मान्य’ म्हणून आपल्या अंगावर घेतलेली असते.

ज्यांच्या आई-वडिलांच्या फोनला रक्तातली साखर सतत मोजणारा सेन्सर जोडलेला आहे त्यांनी त्या फोनवर बीटा अजिबात टाकू नये. असे सेन्सर बनवणारे आपले ॲप कोणत्या आवृत्त्यांवर चालते याची यादी देतात. त्या यादीत नसलेल्या आवृत्तीवर रात्री साखर उतरल्याचा इशारा वाजला नाही, तर त्याची किंमत फोटो गेल्यापेक्षा फार मोठी असते.

हे सगळे वाचून कोणी बीटाच सोडून द्यावी असा आमचा हेतू नाही. उलट मराठी माणसांनी बीटा तपासायला हवी, फक्त रोजच्या फोनवर नव्हे. घरात पडलेला पिक्सेल ६ अँड्रॉइड १६ ला चालतो, आयफोन ११ आयओएस २६ ला चालतो. सिम न घालता, वाय-फायवर, वेगळे खाते उघडून तो वापरावा. वेगळे खाते अशासाठी की बगच्या अहवालात खात्यांची नावे, ॲप्सची यादी, कधी ठिकाणही जाऊ शकते.

अशा फोनची भाषा मराठी करावी आणि मग पाहावे. संगणकावरच्या लिप्यांचे प्रमाण ठरवणाऱ्या युनिकोडच्या भाषाविषयक माहितीसाठ्यात मराठीसाठी आपोआप वापरायचे अंक देवनागरी आहेत, हिंदीसाठी इंग्रजी. ॲप लिहिणाऱ्याने तारीख किंवा आकडा बनवताना भाषा नेमकी सांगितली नाही, तर मराठी फोनवर ‘२०२५-०६-१०’ देवनागरीत तयार होते, सर्व्हरला ते कळत नाही आणि तिकीट किंवा भरणा अडतो. हिंदी फोनवर हा बग कधीच दिसणार नाही. तो सापडेल तर मराठीसारख्या भाषेतच. हा माहितीसाठा सिस्टीमबरोबर बदलत असल्याने प्रत्येक बीटात तो पुन्हा तपासावा लागतो.

अक्षरांचेही तसेच. कुऱ्हाड, ऱ्हस्व, दुसऱ्या हे शब्द सूचनांमध्ये, बटणांवर, लॉक स्क्रीनवर नीट येतात का? र चे ते आडवे रूप तुटून ‘र्’ सुटा दिसतो का? ‘मूर्ती’मधला रफार वरून आणि ऊकार खालून कापला जातो का? मोठा फॉन्ट लावल्यावर हे हमखास कळते. ल आणि श मराठी वळणाचे राहिले की हिंदी वळणाचे झाले, तेही पाहावे.

सापडले तर पिक्सेलवर अँड्रॉइड बीटा फीडबॅक आणि आयफोनवर फीडबॅक असिस्टंट ही ॲप्स आहेत. ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढेच लिहिले तर कोणी हात लावत नाही. बिल्ड क्रमांक (सिस्टीमच्या नेमक्या आवृत्तीचा क्रमांक), फोनची भाषा, फॉन्टचा आकार, कोणत्या पानावर कोणते बटण दाबले, काय दिसायला हवे होते, काय दिसले आणि दहापैकी किती वेळा, हे सगळे लिहावे. बिघडलेला शब्द टाइप करून द्यावा आणि स्क्रीनशॉटही जोडावा. नुसत्या चित्रावरून तो ऱ् कोणत्या अक्षरांनी बनला आहे हे पलीकडच्या माणसाला समजत नाही. आयफोनवर गडबड घडल्या घडल्या आवाजाची दोन्ही बटणे आणि बाजूचे बटण एकदम दाबून साधारण सेकंदभरात सोडावीत. जास्त धरली तर फोन बंद करायची पट्टी येते. त्यातून फोनच्या त्या वेळच्या नोंदींची एक फाइल बनते, ती तयार व्हायला काही मिनिटे लागतात. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखालच्या ॲनालिटिक्स डेटामध्ये ती सापडते. तीही अहवालाला जोडावी.

आपले,
मोबाइल सॉफ्टवेअर तपासणीच्या कामातले काही वाचक, पुणे