आबा, रास अजून उभी आहे

ती. आबा,
साष्टांग नमस्कार.

आषाढ सरत आला. काल रात्रभर वाऱ्यापावसाने पडवीची झापं हलत होती. पहाटे उठल्या उठल्या मागच्या दारी गेले. लाकडांची रास जागची हलली नव्हती. मी तिथेच उभी राहून रडले, म्हणून हे पत्र. नातवाकडून वाचून घ्या.

मागचा पावसाळा आम्ही कसा काढला ते तुम्ही बघितलंय. लाकडं विकणाऱ्याने रचून द्यायचेही पैसे मोजून घेतले, खांडं भिंतीला चिकटवून गच्च भरली आणि वरून जमिनीपर्यंत प्लॅस्टिक गुंडाळलं. "वाऱ्याला वाट कुठाय?" विचारलं, तर म्हणाला, "बाईमाणसाने चूल बघावी." चूलच तर बघत होते मी! मृग लागून पंधरा दिवस झाले नाहीत तोच प्लॅस्टिकला आतून घाम सुटला, खांडांवर पांढरी बुरशी आली, खालच्या थराला वाळवी लागली. एका रात्री सगळी रास अंगणात. सासूबाईंना दमा, आणि न्हाणीच्या चुलीत ओल्या लाकडांचा धूर. त्याला तीनदा फोन केला. फिरकला नाही.

यंदा फाल्गुनात लाकडं फोडून पडली आणि तुम्ही न बोलावता आलात. चिऱ्यांवर वासे टाकून रास जमिनीपासून उचलायची, दोन्ही टोकांना आडवी-उभी खांडं रचून खांब करायचे, भिंतीपासून हातभर सुटं राहायचं, पत्रा फक्त माथ्यावर. हे सगळं आता माझ्या हातात बसलंय. पण मला आठवतो तो दुसरा दिवस. रास कमरेइतकी झाली आणि मधेच तिला पोट आलं. वाटलं, आता तुम्ही म्हणणार, 'हो बाजूला.' तुम्ही काहीच बोलला नाहीत. फुगलेल्या जागेतलं एक ऐनाचं खांड उपसलंत, स्वतःच्या पंच्याने त्याची माती पुसलीत आणि माझ्या हातात दिलंत. मग पायरीवर बसून राहिलात. दोनदा माझं चुकलं. तिसऱ्यांदा जाड तोंड बाहेर ठेवलं, तेव्हा ते आतल्या अंगाला कलून घट्ट बसलं. "हं," तुम्ही म्हणालात. "आता ही तुझी रास."

इतक्या वर्षांत माझ्या हातावर असा भरवसा कुणी ठेवला नव्हता, आबा. आपल्या वाडीत तुमच्यासारखी माणसं आहेत. कुणाची गाडी चिखलात रुतली की खांदा लावतात, चहालाही न थांबता निघून जातात. त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. मला लिहायचं होतं.

आता नारळाच्या एका सोडणावर चूल पेटते. सासूबाई चुलीशेजारी पाट घेऊन बसतात, खोकत नाहीत.

मागच्या वर्षीची काळी पडलेली खांडंही मी खळ्याच्या कडेला वेगळी रचली आहेत, एकटीने. दसऱ्यानंतर येऊन त्यांची टोकं तडकलीत का ते बघून जा.

तुमची,
वरल्या घरातली सून