लेथवर हातमोजे का घालत नाही

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, मशीनवर बसताना हातमोजे घालत जा, असं तू प्रत्येक फोनला सांगतेस. तेव्हा आधी त्याबद्दलच लिहिते. लेथ म्हणजे धातू गोल फिरवत टूलने, म्हणजे धारदार पात्याने, कापणारं मशीन, आणि ते फिरत असताना त्याच्याजवळ हातमोजे घालायचेच नसतात. चक, म्हणजे धातू पकडून ठेवणारा जबड्यांचा पंजा, मिनिटाला चारपाचशे फेरे घेत असतो. मोज्याचं टोक त्याच्या जबड्यात अडकलं, तर हात सोडवून घ्यायला वेळच मिळत नाही, कापडासकट आत ओढला जातो. म्हणून मोजे नाहीत, अंगठी नाही, बांगडी नाही, बाह्या कोपराच्या वर, केस टोपीखाली आणि डोळ्यांवर गॉगल. जबडे आवळायची चावी चकात असेपर्यंत तिच्यावरचा हात काढत नाही. चावी तशीच राहिली आणि मशीन सुरू झालं, तर ती गोळीसारखी सुटते. धातूचा कीस निघतो त्याची धार ब्लेडसारखी असते, तो मशीन थांबवूनच ब्रशने काढते. हे सगळं मी मनापासून पाळते, तू निश्चिंत राहा.

बाबा, एवढ्याशा मशीनवर लोखंड खरंच कापतं का, असं तुम्ही विचारलं होतं. कापतं. बेडवर, म्हणजे मशीनच्या खालच्या पायावर, 180 मिमी व्यासापर्यंतचा जॉब (कापायचा तुकडा) फिरतो आणि दोन सेंटरमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंच्या टोकदार आधारांमध्ये, साधारण 300 मिमी लांबीचा मावतो. फक्त मोठ्या लेथसारखा खोल कट याला झेपत नाही, लगेच थरथर सुरू होते आणि पृष्ठभागावर लाटा उमटतात. वेगाचं गणित तुम्हाला आवडेल. हायस्पीड स्टीलच्या टूलने माईल्ड स्टील कापताना पृष्ठभागाचा वेग मिनिटाला 25 मीटरच्या आसपास ठेवायचा. म्हणजे 20 मिमीच्या सळईला सुमारे 400 फेरे आणि 40 मिमीच्या सळईला त्याच्या निम्मे. अॅल्युमिनियमला याहून बराच जास्त वेग चालतो.

शिकताना सगळ्यात जास्त वेळ गेला तो टूलची उंची जुळवण्यात. टूलचं टोक सळईच्या मध्याशी अगदी समान पातळीवर लागतं. ते पाहायला एक जुनी युक्ती आहे. मशीन बंद असताना सळई आणि टूलचं टोक यांच्यात पातळ स्टीलची पट्टी हलकेच दाबून धरायची. पट्टी सरळ उभी राहिली तर उंची बरोबर. वरचं टोक माझ्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर आहे. मग टूलखाली पत्र्याचे पातळ तुकडे घालायचे किंवा काढायचे. उंची चुकलेली असली की फेसिंग करताना, म्हणजे सळईचं टोक सपाट कापताना, बरोबर मध्यावर एक बारीक टेंगूळ शिल्लक राहतं.

दुसरी गोष्ट बॅकलॅशची. हँडल उलट फिरवलं की स्क्रू आणि नट यांच्यातली मोकळीक भरेपर्यंत स्लाइड, म्हणजे टूल सरकवणारा भाग, जागची हलत नाही, डायलवरचे आकडे मात्र सरकत राहतात. म्हणून जास्त मागे येऊन पुन्हा पुढे जात आकड्यावर थांबायचं, म्हणजे माप नेहमी एकाच बाजूने येतं. शिवाय टूल 0.1 मिमी पुढे सरकलं की व्यास 0.2 मिमी कमी होतो, दोन्ही बाजूंनी धातू जातो ना! काही मशीनच्या डायलवर थेट व्यासाचेच आकडे असतात, त्यामुळे पहिल्या कटानंतर मायक्रोमीटर लावून खात्री करणं बरं.

आता सुधारणांबद्दल. बाजारात या मशीनसाठी इतके सुटे भाग मिळतात की मन मोहात पडतं. माझं मत मात्र पक्कं आहे: पैसे खर्च करण्याआधी आहे ते मशीन नीट जुळवावं. स्लाइडच्या बाजूला तिची मोकळीक कमी करणारी गिबची पट्टी असते. तिचे स्क्रू थोडे थोडे आवळत गेलं की स्लाइड न डगमगता, पूर्ण लांबीभर सारख्या जोराने सरकते. एवढ्याने थरथर निम्म्याहून कमी झाली. विकत घेतलं ते एकच, टूल झटकन बदलता येणारं टूलपोस्ट, म्हणजे टूल धरणारा ठोकळा. त्यात प्रत्येक टूलची उंची एकदा स्क्रूने बसवली की पत्र्याचे तुकडे लागत नाहीत. कॅरेज, म्हणजे टूलसकट बेडवर सरकणारा भाग, जागेवर आवळून धरणारा क्लॅम्प मी याच लेथवर बनवला. चक फिरवणाऱ्या दांड्याची, म्हणजे स्पिंडलची, बॉल बेअरिंग काढून टेपर रोलर, म्हणजे निमुळत्या रोलरची बेअरिंग, बसवायचा सल्ला सगळे देतात. आतला आणि बाहेरचा व्यास तोच आहे, 30 आणि 62 मिमी, पण रुंदी 16 ऐवजी 17.25 मिमी, म्हणजे स्पेसर (मधलं अंतर राखणारं कडं) तेवढा कमी करावा लागतो. बसवताना जास्त आवळलं तर बेअरिंग तापतं. डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं साधन, लावून स्पिंडल खरंच हलतोय असं दिसेपर्यंत मी त्याला हात लावणार नाही.

बाबा, आटे पाडायचं काम तुम्ही इथे येऊन बघाच. 1800 च्या सुमारास हेन्री मॉडस्ले या इंग्रज कारागिराने स्लाइड रेस्ट (टूल धरून सरकवणारा भाग), लीड स्क्रू (टूल पुढे नेणारा लांब स्क्रू) आणि बदलते गिअर एकत्र आणून आटे पाडायचं लेथ उभं केलं, आणि माझ्या टेबलावरचं मशीनही त्याच तत्त्वावर चालतं. माझ्या लीड स्क्रूचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 1.5 मिमी आहे. स्पिंडलकडे 40 दातांचा आणि स्क्रूवर 60 दातांचा गिअर लावला की स्पिंडलच्या एका फेऱ्यात स्क्रू दोन तृतीयांश फेरा घेतो आणि टूल बरोबर 1 मिमी सरकतं. पहिल्यांदा नट त्या आट्यांवर बोटाने फिरवत बसवला तेव्हा तुमची फार आठवण आली.

आता एक काम. बाबांच्या काठीची रबरी टोपी सैल झालीय असं आई म्हणाली. काठी आणि टोपी यांच्यामध्ये बसेल अशी अॅल्युमिनियमची स्लीव्ह, म्हणजे छोटी नळी, मी करते. आतून बोअर करून, म्हणजे भोक मापात कापून, काठीवर घट्ट बसवता येईल, आणि बाहेरून नर्लिंग केलं, म्हणजे खरखरीत नक्षी उठवली, की रबर धरून राहील. आई, काठीच्या टोकाजवळ तीन ठिकाणी कागदाची पट्टी घट्ट गुंडाळ, टोकं जिथे एकमेकांवर येतात तिथे पेन्सिलने खूण कर आणि पट्ट्याच मला पाठव. काठी सगळीकडे सारखी जाड नसते, म्हणून तीन हव्यात. परिघाला 3.14 ने भागून व्यास मी काढेन. जुनी टोपीही पट्ट्यांबरोबर दे, तिचं आतलं माप लागेल. तोवर बाबांनी नवी टोपी बसवून घ्यावी, सैल टोपीच्या काठीवर जिना उतरू नये.

तुमची,
लेक